सुईण की डॉक्टर? मुक्ताबाई साळवे यांचा प्रश्न अजून उभा आहे

पालम तालुक्यातल्या कोणत्याही वस्तीत बाळंतपणाचा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणते, "आमच्या आज्या घरीच बाळंत झाल्या, सुईणीच्या हातावर दहा-दहा लेकरे झाली, कुठे दवाखाना होता?" दुसरे म्हणते, "अडाणी सुईणींनी किती बायका मारल्या, डॉक्टरशिवाय पर्याय नाही." पहिल्या मताला अलीकडे शहरातून नवी फोडणी मिळाली आहे. 'नैसर्गिक प्रसूती', 'आपली प्राचीन परंपरा' असे संदेश मोबाईलवर फिरतात आणि आपलीही तरुण मंडळी ते पुढे पाठवतात.

आमचे म्हणणे असे की ही दोन्ही मते अर्धी आहेत, कारण दोन्हींतून जात गाळलेली आहे. सुईण कोण होती? ती त्या कामावर कोणी बसवली? डॉक्टर कोण झाला आणि त्याने कोणाला हात लावला? हे प्रश्न विचारल्याशिवाय 'सुईण की डॉक्टर' या वादाला अर्थ नाही. म्हणून आधी इतिहास पाहू.

विटाळाचे काम कोणाच्या माथी?

ब्राह्मणी धर्मशास्त्राने जन्म अपवित्र ठरवला. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात जन्माच्या सुतकाचे नियम आहेत. बाळंतिणीला दहा दिवस शिवायचे नाही, ती वेगळ्या खोलीत, वेगळ्या बाजेवर. पण मूल तर जन्मायला हवे. कळा सुरू झालेल्या बाईला कोणीतरी धरायला हवे, नाळ कापायला हवी, वार पुरायला हवी, रक्ताचे कपडे धुवायला हवेत. ज्या कामाला धर्माने विटाळ म्हटले, ते काम धर्माने आधीच विटाळलेल्या ठरवलेल्या माणसांच्या माथी मारले.

महाराष्ट्रात सुईणीचे काम सगळीकडे एकाच जातीकडे नव्हते. काही गावांत ते न्हाव्याच्या घरातली बाई करी, काही गावांत कोळ्याची, अनेक गावांत महार-मांग समाजातल्या बाया करत. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात मांग जातीच्या स्त्रिया सुईणीचे काम करतात अशी नोंद आहे. त्या काळी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता, म्हणजे ही नोंद आपल्या शेजारची आहे.

आता यातला ढोंगीपणा पाहा. एरवी ज्या बाईची सावली चालत नव्हती, जिच्या हातचे पाणी चालत नव्हते, तिचा हात वाड्यातल्या सुनेच्या सर्वांत नाजूक घडीला चालत होता. वाड्यातल्या वारसाला या जगातला पहिला स्पर्श तिचा होता. काम संपले, न्हाणे झाले, सुतक फिटले की तीच बाई पुन्हा उंबऱ्याबाहेर. मोबदला म्हणून सुपात थोडे धान्य, जुने लुगडे, मुलगा झाला तर थोडे जास्त. मुलगी झाली तर तेही कमी. तिच्या कौशल्याला कोणी विद्या म्हटले नाही, कारण विद्या म्हटले असते तर मान द्यावा लागला असता.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या निबंधात दाखवून दिले की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. बाळंतपणाच्या बाबतीत ही विभागणी आणखी एक पाऊल पुढे गेली. हात एका जातीकडे ठेवला आणि पोथी दुसऱ्या जातीकडे. ज्याच्याकडे पोथी होती त्याने कधी बाळंतपण केले नाही, आणि जिने हजार बाळंतपणे केली तिला अक्षर लिहू दिले नाही. ज्ञान वाढते ते हात आणि पोथी एकत्र आल्यावर. आपल्याकडे ते शेकडो वर्षे एकत्र येऊ दिले गेले नाहीत.

१८५५ चा प्रश्न

गावाची बाळंतपणे करणाऱ्या या समाजातल्या बायांचे स्वतःचे बाळंतपण कसे होत होते? याची साक्ष आपल्याकडे आहे, आणि ती त्याच समाजातल्या एका मुलीने दिलेली आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई साळवे यांचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मुक्ताबाई तेव्हा जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या.

या निबंधातला धर्माविषयीचा भाग आपण सभांमधून सांगतो. त्यातला बाळंतपणाचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. मुक्ताबाई लिहितात की आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसते, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील याचा स्वतःच्या अनुभवावरून विचार करा. पुढे त्या विचारतात की बाळंतपणात काही रोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कुठून आणायचा? तुमच्यात असा कोणता वैद्य झाला ज्याने आमच्या लोकांना फुकट औषध दिले?

म्हणजे 'सुईण की डॉक्टर' हा प्रश्न पहिल्यांदा मांडला तो एका मातंग मुलीने, आणि तो मांडला हक्काचा प्रश्न म्हणून. तिच्या घरी सुईण असणारच. तिचा प्रश्न पुढचा होता. सुईणीच्या हाताबाहेर गोष्ट गेली तर आमच्या बाईसाठी कोण येतो? आज मोबाईलवर 'आजीच्या काळात सगळे सुखरूप होत होते' असे वाचाल, तेव्हा मुक्ताबाईंचा निबंध आठवा. ती आजीच्या काळातली साक्ष आहे.

जोतीराव-सावित्रीबाईंनी या प्रश्नाला कृतीने उत्तर द्यायला सुरुवात केली. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावे, सुरक्षित बाळंत व्हावे आणि मूल ठेवून जायचे तर जावे, अशी सोय केली. यातल्या बहुतेक बाया ब्राह्मण होत्या आणि त्यांची काळजी घेणारी बाई माळी समाजातली होती. तिथे जन्मलेल्या एका मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये याच डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या मुलाला त्यांनी पाठीवर उचलून आणले आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. जिथे डॉक्टर जात नव्हता, तिथे डॉक्टरची आई गेली.

डॉक्टर आला, पण कोणाच्या दारी?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाश्चात्त्य वैद्यक बाळंतपणात शिरले. १८८५ मध्ये डफरिन फंड सुरू झाला, १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल उघडले. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंध आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर होता आणि त्याला आधार संस्कृत ग्रंथांचा होता. आनंदीबाईंना कमी लेखण्याचे आम्हाला कारण नाही. चौदाव्या वर्षी स्वतःचे बाळ गमावलेल्या बाईने त्या विषयाचा ध्यास घ्यावा यात मोठी वेदना आहे. पण भारतीय बाळंतपणाचे 'शास्त्र' म्हणून जगापुढे गेली ती पोथी. प्रत्यक्ष बाळंतपण करणारी बाई सरकारी अहवालांत आणि सुधारकांच्या भाषणांत आली ती 'घाणेरडी दाई' म्हणून, बालमृत्यूची आरोपी म्हणून.

या नव्या वैद्यकाने जात सोडली का? बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत एक प्रकरण आहे, ते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचले पाहिजे. १९२९ साली काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाने 'यंग इंडिया'ला पत्र लिहिले, ते बाबासाहेबांनी तिथे दिले आहे. या शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या वजनदार माणसांनी रदबदली केली, दोन रुपये फी ठरली, तेव्हा तो आला, पण वस्तीबाहेर. दोन दिवसांच्या ओल्या बाळंतिणीला बाळासकट बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाकडे दिले, त्याने नवऱ्याकडे, नवऱ्याने बायकोला लावले आणि त्याच वाटेने ते परत गेले. डॉक्टरने तिला हात न लावता न्यूमोनिया सांगितला आणि निघून गेला. ती बाई वारली.

वाड्यातल्या सुनेच्या पोटाला अस्पृश्य सुईणीचा हात चालतो, आणि अस्पृश्य बाळंतिणीच्या अंगाला डॉक्टरचा हात लागत नाही. ज्यांना वाटते की डॉक्टर आला म्हणजे प्रश्न मिटला, त्यांनी या शिक्षकाच्या बायकोला विसरू नये.

मग सुईण दोषी होती का?

इथे भावनेत वाहून जाऊन उलट्या टोकाला जायचे कारण नाही. घरच्या बाळंतपणात बाया आणि लेकरे मरत होती, हे खरे आहे. नाळ विळ्याने कापली जाई, जखमेवर राख किंवा शेण लावले जाई, आणि त्यातून बाळाला धनुर्वात होई. हा आजार जन्मानंतर साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या आत दिसतो. आणि याच दिवसांत आपल्याकडे कोणती पूजा होते? पाचवीची. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणे. बाळ आकडी येऊन गेले की 'सटवाईने एवढेच लिहिले होते' म्हणून आई डोळे पुसायची. जिथे विळा उकळून घ्यायला हवा होता, तिथे देवी बसवली गेली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही कुठे पाचवी पुजली जात असेल, तर ती का सोडायची याचे हे सरळ कारण आहे.

पण अस्वच्छ हात ही सुईणीचीच मक्तेदारी होती का? युरोपातल्या व्हिएन्ना शहराचे उदाहरण घ्या. तिथल्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन कक्ष होते. एका कक्षात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली डॉक्टरांच्या कक्षात शेकडा ११ हून जास्त बाळंतिणी दगावल्या आणि सुईणींच्या कक्षात शेकडा ३ हूनही कमी. बाया सुईणींच्या कक्षात जायला मिळावे म्हणून गयावया करत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने कारण शोधले. डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतपण करायला येत होती. १८४७ मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरीही प्रतिष्ठित डॉक्टर कितीतरी वर्षे ते मान्य करायला तयार नव्हते, कारण आपले हात मळके असू शकतात हेच त्यांना सहन होत नव्हते.

जंतू जात पाहत नाही, पदवीही पाहत नाही. पुढे सरकारने सुईणींना प्रशिक्षण दिले, 'पाच स्वच्छता' शिकवल्या. त्या म्हणजे स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवे ब्लेड, स्वच्छ दोरा आणि नाळेवर काहीही न लावणे. गरोदर बायांना धनुर्वाताची लस मिळू लागली आणि दवाखान्यातली बाळंतपणे वाढली. या सगळ्यातून २०१५ मध्ये माता-बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे खोट त्या बाईच्या बुद्धीत नव्हती. तिच्यापर्यंत ज्ञान पोचू न देणाऱ्या व्यवस्थेत होती. नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर आणि दलित बायांनाही आरोग्याचे शिक्षण देऊन गावोगावी उभे केले, तेव्हा हेच पुन्हा सिद्ध झाले.

बाबासाहेबांची दिशा आणि नकाराचा लढा

बाबासाहेबांच्या घरातच या प्रश्नाची जखम होती. रमाईंच्या पाच अपत्यांपैकी एकटा यशवंत जगला. पण बाबासाहेबांनी हे दुःख नशिबाच्या खात्यावर टाकले नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार मालक आणि सरकार यांनी उचलला पाहिजे, अशी मांडणी केली. १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. तो नामंजूर झाला, पण गर्भ कधी धारण करायचा हे बाईने ठरवायचे, हा मुद्दा त्यातून सभागृहात आला. पुढे मजूरमंत्री असताना खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाचे कायदेही त्यांनी सुधारले.

पालम तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिला. शिवाय मुंबईचा तो कायदा कारखान्यातल्या बायांसाठी होता. शेतात राबणारी मजूर बाई आणि तिचे बाळंतपण करणारी सुईण दोघीही कायद्याबाहेर राहिल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती आजही बदललेली नाही.

दुसरा लढा नकाराचा. महाराष्ट्रात आपल्या लोकांनी मेलेली गुरे ओढायचे सोडले, हे आपण अभिमानाने सांगतो. उत्तर प्रदेशात १९५० नंतर दलितांनी जे आंदोलन केले त्याचे नावच 'नारा-मवेशी' होते. नारा म्हणजे नाळ, मवेशी म्हणजे गुरे. मेलेली गुरे ओढणार नाही आणि सवर्णांच्या घरी जाऊन नाळ कापणार नाही, अशी दुहेरी प्रतिज्ञा होती. त्यासाठी मारहाण झाली, वस्त्यांची कोंडी झाली. बायांनी तरीही माघार घेतली नाही. आज 'आपली सुईणीची थोर परंपरा' म्हणून जे गळे काढतात, त्यांना आम्ही विचारतो की ही परंपरा वाहणारी बाईच ती सोडण्यासाठी मार खात होती, ते कशासाठी?

आजचे पालम

आज चित्र बदलले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातली शेकडा ६४.६ बाळंतपणे दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ९४.७ वर गेले. २०१८-२० मध्ये राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. हे आकडे हलके घेऊ नका. यात आपल्या हजारो बहिणींचे जीव आहेत.

म्हणून 'सुईण की डॉक्टर' याला आमचे पहिले उत्तर स्पष्ट आहे. बाळंतपण दवाखान्यातच व्हावे. साधारण शंभरातल्या पंधरा गरोदरपणांत गुंतागुंत होते आणि ती कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. बाळंत झाल्यावर रक्त थांबले नाही तर बाई दोन तासांत जाऊ शकते. तिथे रक्ताची पिशवी लागते, इंजेक्शन लागते, शस्त्रक्रियेची खोली लागते. कितीही अनुभवी सुईण असली तरी हे तिच्या पदरात नसते.

पण 'दवाखान्यात जा' एवढे बोलून थांबणारा माणूस पालमला ओळखत नाही. इथून मोठा दवाखाना म्हणजे एकीकडे गंगाखेडमार्गे परभणी, दुसरीकडे लोह्यामार्गे नांदेड. अडलेल्या बाईला 'पुढे न्या' असे सांगितले की ते पुढे किती लांब आहे हे घरच्यांनाच कळते. गावातली कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. सातव्या-आठव्या महिन्याची बाई फडात मोळ्या उचलते आणि तिचे कार्ड, तिच्या तपासण्या गावातच राहून जातात. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली २६ आठवड्यांची रजा आली. ती कोयत्याच्या उचलीवर काम करणाऱ्या बाईला कोण देणार?

आणि डॉक्टरही धंदा करतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ बायांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड, आणि पोटात दुखते म्हणून गेले की 'पिशवी काढा' असा सल्ला. सिझेरियनचेही तसेच आहे. २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या सरकारी दवाखान्यांत शेकडा १४.३ बाळंतपणे सिझेरियनने झाली, खासगीत शेकडा ४७.४. बाईचे शरीर दाराबाहेर बदलते की काय?

आपण काय करायचे?

पहिले, हक्क पाठ करा. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, तपासण्या, जेवण आणि घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात व परत घरी नेणारी गाडी, हे सगळे मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर ती लाच आहे. जननी सुरक्षा योजनेचे पैसे अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईचा हक्क आहेत. आपल्या मंडळाने, शाखेने वस्तीतल्या गरोदर बायांची यादी ठेवावी. कोणाचा कितवा महिना, गाडी कोणती, रक्त देणारे कोण, ही माहिती जयंतीच्या वर्गणीच्या वहीइतकीच नेमाने लिहावी. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे कार्ड तिच्यासोबत जाईल आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात तिची नोंद होईल, हे पाहावे.

दुसरे, बाळंतपणाच्या खोलीतली वागणूक हा जातीचाच प्रश्न आहे हे ओळखा. कळा देणाऱ्या बाईवर ओरडणे, तिचे आडनाव विचारून तोंड फिरवणे, हे थर्मामीटर तिसऱ्याच्या हातून देण्याचेच नवे रूप आहे. अशा वेळी लेखी तक्रार करा, शिष्टमंडळ घेऊन जा, पोच घ्या.

तिसरे, आणि हे तरुण मुलींसाठी. सुईणीचे काम आता जगभर पदवीचा व्यवसाय आहे. ब्रिटनने १९०२ मध्येच त्यासाठी कायदा केला. भारत सरकारनेही २०१८ मध्ये सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि प्रशिक्षित परिचारिकांसाठी १८ महिन्यांचा मिडवाइफरीचा अभ्यासक्रम ठरवला. साध्या बाळंतपणाला प्रशिक्षित सुईण आणि गुंतागुंतीला हाकेच्या अंतरावर डॉक्टर, ही रचना सर्वांत चांगली. आपल्या मुलींनी त्या खोलीत जावे ते जातीने नेमलेली बाई म्हणून नव्हे. परिचारिका म्हणून, सुईण म्हणून, डॉक्टर म्हणून, पगार, पद आणि सहीचा अधिकार घेऊन जावे. आपल्या आज्यांकडे हात होता, पोथी नव्हती. आता दोन्ही आपल्या मुलींच्या हाती आले पाहिजेत.

मुक्ताबाईंनी विचारले होते की आमच्या बाळंतिणीसाठी तुमच्यातला कोणता वैद्य आला? त्याचे उत्तर त्यांच्याकडून येण्याची वाट आपण बरीच वर्षे पाहिली. पुढच्या दहा वर्षांत पालमच्या प्रसूती खोलीत आपल्या वस्तीतली एक तरी मुलगी सही करणारी असेल, एवढे तरी आपण ठरवूया.

जय भीम! जय सावित्री! जय मुक्ताबाई!